घर पटकन विकायचे तर आधी कपाटातली फाइल काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घर लवकर विकले जावे म्हणून काय करावे, याचे सल्ले वर्तमानपत्रांच्या घरविषयक पुरवण्यांत अधूनमधून येतात. भिंतींना फिकट रंग द्या, पडदे बदला, दारात कुंडी ठेवा, फोटो सकाळच्या उन्हात काढा. यात चूक काही नाही. पण पुण्यात जुने फ्लॅट ज्या कारणांनी अडकतात, ती कारणे या सल्ल्यांत कुठे दिसत नाहीत. गिऱ्हाईक मिळाले, भाव ठरला, पेढे वाटले आणि तीन-चार महिन्यांनी टोकन म्हणून घेतलेली आगाऊ रक्कम परत करायची वेळ आली, अशा व्यवहारांत बहुधा एखादा कागद आडवा आलेला असतो. आणि तो कागद विकणाऱ्याकडे पहिल्या दिवसापासूनच नसतो. म्हणून कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता या पट्ट्यातल्या वीस-तीस वर्षांच्या इमारतींमधली पुनर्विक्री डोळ्यांपुढे ठेवून थोडे तपशिलात लिहितो.

आधी ‘पटकन’ म्हणजे किती, ते ठरवू. घेणारा बँकेचे कर्ज काढणार असेल तर टोकनपासून किल्ल्या देईपर्यंत साठ ते पंचाहत्तर दिवस लागले, तरी व्यवहार पटकन झाला असे समजावे. मसुदा, जाहीर नोटीस, साठेखताची (विक्रीच्या कराराची) नोंदणी, कर्ज मंजुरी, मग खरेदीखत आणि ताबा, ही साखळी त्याहून फारशी आखडत नाही. ‘पंधरा दिवसांत पूर्ण पैसे देतो’ म्हणणारा गृहस्थ त्या घाईची किंमत तुमच्याच भावातून कापून घेतो. त्यातला काही भाग रोख देऊ करत असेल तर तिथेच थांबावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारली, तर तेवढाच दंड स्वीकारणाऱ्याला होऊ शकतो. देणारा मोकळा राहतो.

जाहिरात देण्याच्या किमान महिनाभर आधी फाइल काढून टेबलावर पसरावी. बिल्डरशी झालेला मूळ नोंदणीकृत करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक २ (दस्ताचा नोंदणी कार्यालयातला गोषवारा; सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती), ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत, शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराची आणि लाइट बिलाची ताजी पावती. तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक असाल तर आधीच्या प्रत्येक मालकाचा मूळ करार हवा. साखळीतली एक कडी झेरॉक्सवर असेल तर घेणाऱ्याच्या बँकेचा वकील तिथेच पेन ठेवतो. मूळ करार हरवला असल्यास पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल आणि प्रतिज्ञापत्र, एवढे करावे लागते. गिऱ्हाईक दारात उभे असताना हे करायला घेतले की महिना जातो आणि गिऱ्हाईकही जाते.

पुण्यात आणखी एक घोळ आहे. इथल्या बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतेच. बिल्डरने इमारतीचे घोषणापत्र नोंदवायचे असते आणि प्रत्येक फ्लॅटधारकाला ‘डीड ऑफ अपार्टमेंट’, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, करून द्यायचे असते. पुष्कळ मालकांनी ते वीस वर्षे करून घेतलेले नसते, कारण राहायला काही अडत नव्हते. अडते विकताना. आपली इमारत कोणत्या प्रकारची आहे हे ‘आमची सोसायटी’ या बोलण्यातल्या शब्दावरून ठरवू नये. घोषणापत्र आहे की सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, ते एकदा डोळ्यांनी पाहावे. डीड राहिले असेल तर बिल्डर किंवा त्याचे वारस गाठून आधी ते उरकावे.

कर्ज फेडलेले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बँकेचा बोजा तीन ठिकाणी शिल्लक राहू शकतो: सोसायटीच्या नोंदीत, दुय्यम निबंधकाकडे दिलेल्या गहाणाच्या सूचनेत आणि ‘सरसाई’ या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत. दहा वर्षांपूर्वी संपलेले कर्ज, मालकी आणि बोजे तपासून वकील देतो त्या शोध अहवालात, जिवंत दिसते ते यामुळे. कर्ज चालू असेल तर आपल्या बँकेकडून दोन कागद मागावेत: आज कर्ज बंद केल्यास किती भरावे लागतील त्याचे पत्र, आणि बँकेच्या ताब्यात असलेल्या मूळ दस्तांची यादी. या यादीवरच घेणाऱ्याची बँक पुढे सरकते. ती यादी घरातल्या झेरॉक्सशी ताडून पाहावी, कारण यादीत नसलेला दस्त पुढे मागायला गेलात तर कोणी उभे करत नाही. तरत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर दंड आकारता येत नाही. पूर्ण फेड झाल्यावर मूळ दस्त तीस दिवसांत परत द्यावे लागतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आता भाव. घरविक्रीच्या पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये फुकट पाहता येतो. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर टाकला की त्या जागेवर नोंदवलेल्या दस्तांच्या इंडेक्स टू उघडतात. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि मजला असतो. आपल्याच इमारतीतले आणि शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या दीड-दोन वर्षांतले सहा-सात दस्त काढले की भावाचा अंदाज कुठल्याही एजंटाइतका पक्का होतो. क्षेत्रफळ मात्र कार्पेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्टअप (भिंतींसह), ते पाहूनच चौरस फुटाचा दर काढावा. जुन्या करारांत बिल्टअप असते, आजचे गिऱ्हाईक कार्पेट विचारते आणि विकणारा जिना-लॉबीचा वाटा धरून ‘सेलेबल’ सांगतो. तिघे एकाच फ्लॅटबद्दल बोलत असतात, असे ऐकणाऱ्याला वाटणार नाही.

भाव दहा टक्के चढवून सांगायचा आणि मग खाली यायचे, ही आपली जुनी रीत. ती मोडते घेणाऱ्याच्या गणितावर. समजा भाव ठरला ८० लाख. बँक ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख त्याने आणायचे. त्यावर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर ८० हजार. यातल्या कशालाही बँक कर्ज देत नाही. म्हणजे त्याच्या खिशात २२ लाख ७० हजार हवेत. आता बँकेच्या मूल्यांकनकाराने किंमत ७२ लाख लिहिली. कर्ज उतरले ५७ लाख ६० हजारांवर. एका कागदाने त्याला आणखी ६ लाख ४० हजार उभे करायला लावले. टोकन परत मागायला येणारी बहुतेक माणसे अशी असतात. त्यांची नियत वाईट नसते. त्यामुळे भाव ठरवताना गिऱ्हाईकाला सरळ विचारावे: स्वतःचे किती आहेत, कर्जाची पूर्वमंजुरी घेतली आहे का? घर फक्त बायकोच्या, आईच्या किंवा मुलीच्या नावावर घेणार असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, हेही त्याला सांगावे. ८० लाखांवर ८० हजार वाचतात. तेवढ्यावर अडून बसलेली घासाघीस कधी कधी सुटते. पण सगळे खरेदीदार महिला असल्या तरच. नवऱ्याचे नाव जोडले की सवलत गेली.

उलट टोकाला, रेडी रेकनरच्या (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या किमतीच्या) दहा टक्क्यांहून जास्त खाली भाव लिहू नये. मुद्रांक तर जास्तीच्या रकमेवर लागतोच. शिवाय विकणाऱ्याचा भांडवली नफा रेकनरच्या किमतीने मोजला जातो आणि घेणाऱ्यालाही फरकावर आयकर बसतो.

तो मूल्यांकनकार घरात जेमतेम वीस मिनिटे असतो. दारावरच्या पाटीचा आणि मीटरचा फोटो काढतो. हॉल, किचन, बेडरूम मापतो. मग गॅलरीत जातो आणि तिथे थबकतो, कारण गॅलरी उरलेलीच नसते. भिंत पाडून ती हॉलमध्ये घेतलेली असते. टेरेसवर पत्रे टाकून केलेली ‘स्टडी’ असते. हातातल्या मंजूर नकाशात यांपैकी काही नसते. तो हुज्जत घालत नाही, फक्त वाढीव भाग मोजणीतून वगळतो आणि अहवालात ‘नकाशाशी तफावत’ असे लिहितो. इमारतीचे वय लिहितो, उर्वरित आयुष्य लिहितो. उर्वरित आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी भरले की कर्जाची वर्षे कमी होतात, हप्ता वाढतो आणि घेणाऱ्याची पात्रता घसरते. म्हणून जाहिरातीतले क्षेत्रफळ करारातलेच असावे. पत्र्याच्या खोलीचे चौरस फूट त्यात मिळवून मोठा आकडा सांगितला, तर तो आकडा याच वीस मिनिटांत कोसळतो आणि त्याबरोबर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही. ज्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नाही, तिथे मोठ्या बँका सहसा उभ्या राहत नाहीत. असा फ्लॅट विकता येतो, पण गिऱ्हाईक वेगळे, भाव वेगळा, आणि हे पहिल्या फोनवरच सांगितलेले बरे.

पार्किंगबद्दलही जपून बोलावे. ‘मालकीचे पार्किंग’ असे जाहिरातीत सर्रास लिहितात. नहालचंद लालूचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की उघडे किंवा स्टिल्टमधले (इमारतीखाली खांबांमधले) पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ते सोसायटीने वाटून दिलेले असते आणि ती वाटणी फ्लॅटबरोबर आपोआप जातेच असे नाही. सेक्रेटरींकडून पार्किंग वाटपाचे पत्र घ्यावे. पत्र नसेल तर ‘सध्या अमुक जागी गाडी लावतो’ एवढेच म्हणावे.

रंगरंगोटीबद्दल दोनच वाक्ये. ओलीवर रंग मारू नये. पहिल्या पावसात ओलीचा डाग पुन्हा उमटतो आणि तोवर साठेखत झालेले असेल तर भांडण ठरलेले. गळका पाइप, बंद पडलेले फ्लश आणि हॉलमधले दिवे दुरुस्त करावेत; नव्या मोड्युलर किचनवर केलेला खर्च भावात परत मिळत नाही.

सोसायटी हा स्वतंत्र अध्याय आहे. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरणाला सोसायटीच्या नाहरकतीची गरज नाही. सभासदाने पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची असते. पण घेणाऱ्याच्या बँकेला नाहरकत हवी असते आणि तीही तिच्याच नमुन्यात. म्हणून तो नमुना आधी मिळवून सेक्रेटरींना द्यावा. मेंटेनन्सची बाकी, व्याजासह, आधीच भरून ‘नो ड्यूज’ घ्यावे. हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये, हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १००. ‘इमारत निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने त्यावर मागितले जाते ते ऐच्छिकच असते. देणाऱ्याने विचारपूर्वक द्यावे आणि पावती घ्यावी. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून न दिल्यास जमिनीची मालकी सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे होणे) झाले आहे का, हा प्रश्न अलीकडे प्रत्येक जाणते गिऱ्हाईक विचारते, कारण त्याच्या मनात पुनर्विकास असतो. उत्तर ‘नाही’ असेल तरी ते कुठवर आले आहे, हे सांगता यायला हवे.

वारसांचे व्यवहार सर्वांत जास्त रखडतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. वडील गेले, सोसायटीत आईचे नामनिर्देशन होते, शेअर सर्टिफिकेटवर आईचे नाव लागले, आता आई विकते आहे. घरातल्यांना वाटते सगळे झाले. नामनिर्देशनाने सोसायटीपुरते नाव लागते, मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर मुलगे आणि मुली, सगळ्यांचा हिस्सा आहे. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीची सहीसुद्धा लागते. मार्ग दोन. सगळ्यांनी विकणार म्हणून दस्तावर सह्या करायच्या, किंवा आधी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचे. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेले ‘ना हरकत’ यात चालत नाही. वारस नेमके कोण हेच सिद्ध करायचे असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागतो आणि त्याला महिने लागतात. जाहिरात त्यानंतर.

आणि परदेशातली मुले. आपल्याकडे दर दुसऱ्या फाइलमध्ये एक कुलमुखत्यारपत्र निघते. अमेरिकेत केलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा नोटरी करून अपॉस्टील (परदेशी कागदाच्या अधिकृत साक्षांकनाचा शिक्का) केलेले हवे, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. लिफाफा कुरिअरने आला आणि कपाटात राहिला, असे फार होते. मजकुरात ‘माझ्या सर्व मालमत्ता’ असे मोघम न लिहिता फ्लॅटचा क्रमांक, इमारत, सर्व्हे नंबर, विक्रीचा, नोंदणीसाठी हजर राहण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट असावा. नोंदणीच्या वेळी ते रद्द झालेले नाही आणि लिहून देणारा हयात आहे, असे घोषणापत्र द्यावे लागते.

अनिवासी विक्रेत्याचा करही वेगळा. निवासी विक्रेत्याला ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर घेणारा एक टक्का टीडीएस (मोबदल्यातून आधीच कापून भरायचा आयकर) कापतो. विक्रेता अनिवासी असेल तर हा एक टक्का लागूच होत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा १२.५ टक्के दर, त्यावर अधिभार व उपकर, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नाही तर ही कपात नफ्याऐवजी पूर्ण किमतीवर केली जाते. भाऊ पुण्यात आणि बहीण कॅनडात असेल तर एकाच फ्लॅटवर दोघांची कपात दोन तऱ्हांनी. विसार पावती (टोकनची लेखी पावती) झाली की त्याच आठवड्यात या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

निवासी ज्येष्ठांसाठी एक छोटी पण महाग गोष्ट. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय धरले जाते आणि एक टक्क्याऐवजी २० टक्के कापावे लागतात. ८० लाखांवर ८० हजार कुठे आणि १६ लाख कुठे! ही जोडणी सहीच्या आदल्या दिवशी आठवून उपयोगाची नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि घेणारेही दोघे असतील, तर टीडीएसचे चार स्वतंत्र फॉर्म भरावे लागतात, हेही घेणाऱ्याला आधी सांगून ठेवावे.

विसार पावती दोन ओळींची करू नये. टोकन चेकने किंवा बँकेतून घ्यावे. कर्ज नामंजूर झाले तर टोकन किती दिवसांत परत, साठेखत कोणत्या तारखेपर्यंत, आणि घरात काय राहणार, हे तीन मुद्दे तिच्यात लिहावेत. पंखे, गीझर, इन्व्हर्टर यांवरून ताब्याच्या दिवशी झालेली भांडणे पाहिली तर ८० लाखांचा व्यवहार चालला आहे असे वाटत नाही.

मुहूर्ताचेही थोडे. पितृपक्षात टोकन कोणी देत नाही, पण मसुदा, शोध अहवाल आणि नोटीस याच पंधरवड्यात उरकून घटस्थापनेला सही करता येते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात जाणे टाळता आले तर टाळावे; १ एप्रिलला रेकनरचे दर बदलण्याच्या धास्तीने सगळे शहर तिथे लोटते आणि नेमका सर्व्हर बसतो.

शेवटी, संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. घेणाऱ्याचा वकील जी जाहीर नोटीस देतो, ती आपल्यासारख्या दैनिकांतच येते. चौदा-पंधरा दिवसांत हरकती मागवायच्या असतात. पण छापली जाते ती अशी, की सुरुवातीच्या आठ ओळी ‘तुकडी पोटतुकडी जिल्हा पुणे पोटजिल्हा तालुका हवेली’ यांत जातात आणि इमारतीचे नाव शेवटून तिसऱ्या ओळीत सापडते. ज्याचा हक्क आहे तो वारस, किंवा ज्याने आधीच विसार दिला आहे तो माणूस, तिथवर वाचत नाही. मग हरकत येते ती साठेखतानंतर. नोटिशीच्या पहिल्या ओळीत उपनगर, इमारतीचे नाव आणि फ्लॅट क्रमांक ठळक टायपात छापावा, सर्व्हे नंबर व चतुःसीमा त्याखाली, आणि त्या पानावर नोटिसा उपनगरांनुसार लावाव्यात. मजकूर वकिलाचा असला तरी मथळा लावणे आपल्या जाहिरात विभागाला शक्य आहे. दर नोटिशीमागे फार तर दोन ओळींची जागा जास्त लागेल.

आपला,
पुनर्विक्रीचे दस्त करणारा एक वकील
कोथरूड, पुणे